डक बांधूया: पाण्यातून माणसं काढणाऱ्या ट्रकचं स्केल मॉडेल, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गेल्या वर्षा-दोन वर्षांत पुराच्या बातम्यांमध्ये मोठमोठ्या फुगीर चाकांच्या गाड्या दिसायला लागल्यात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पंजाबात आपल्या लष्कराने एटीओआर एन १२०० पाण्यात घातल्या ते बऱ्याच जणांनी व्हिडिओत बघितलं असेल, आणि तेव्हापासून मला ओळखीतली पोरं विचारतात की अशा गाडीचं मॉडेल करायचं तर सुरुवात कुठून करू. माझं उत्तर ठरलेलं आहे, डकपासून करा. डक म्हणजे जीएमसीचा डीयूकेडब्ल्यू, दुसऱ्या महायुद्धातला सहा चाकी ट्रक ज्याला होडीचं अंग चढवलं होतं. किट सहज मिळतं, आकार सोपा आहे, फोटो भरपूर आहेत, आणि रंग जवळजवळ एकच आहे त्यामुळे नवशिक्याला मास्किंगची, म्हणजे टेप लावून रंग वेगळे ठेवायची, डोकेदुखी नाही.

आणि रेस्क्यू म्हणाल तर या गाडीचं नशीबच एका रेस्क्यूने उघडलं. १९४२ साली ही गाडी ट्रायलवर होती आणि लष्करातल्या बऱ्याच लोकांना ती नकोच होती. डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ कोस्ट गार्डची एक गस्ती बोट वाळूच्या दांड्यावर अडकली, वारा ६० नॉटपर्यंत, पाऊस, लाटा एवढ्या की साध्या होड्या जवळ जाईनात, आणि ट्रायलसाठी तिथेच असलेला डक सरळ किनाऱ्यावरून पाण्यात उतरला आणि ७ जणांना घेऊन परत आला. त्यानंतर विरोध मावळला आणि युद्ध संपेपर्यंत २१ हजारांच्या वर डक बनले. १९५३ मध्ये उत्तर समुद्राचं पाणी हॉलंडात घुसलं तेव्हाही लोकांना काढायला डक होते. म्हणून मी हे मॉडेल युद्धाचं म्हणून न बांधता बचावाचं म्हणून बांधायला सांगतो, आणि पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा, बाकी सगळं त्यातून निघतं: ही गाडी अर्धी ट्रक आहे आणि अर्धी होडी, आणि कुठला भाग ट्रकचा आणि कुठला होडीचा हे तुम्हाला कळलं की कुठे चिखल, कुठे मीठ, कुठे ओलं, कुठली फट बुजवायची हे वेगळं शिकावं लागत नाही. नवीन माणूस बहुतेक वेळा आधी रंगाच्या बाटल्या बघतो, मी म्हणतो आधी संध्याकाळभर फोटो बघा. पुढचं टोक होडीचं, इंजिन त्या डेकच्या खाली, ड्रायव्हर त्याच्या मागे डावीकडे, त्यामागे माल किंवा माणसं ठेवायचा उघडा हौदा, सगळ्यात मागे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढायचं यंत्र. खाली बघितलं तर तीन अ‍ॅक्सल, आणि मागच्या बाजूला पोटाला एक बोगद्यासारखा खळगा, त्यात गाडीला पाण्यात ढकलणारा पंखा आणि त्याच्या मागे सुकाणू. खरी गाडी ३१ फूट लांब, रस्त्यावर ताशी ५० मैल आणि पाण्यात साधारण साडेपाच नॉट.

किट आणि स्केल

इटालेरीचं १/३५ (म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढं) आणि १/७२ असं दोन्ही मिळतं, एअरफिक्सचं जुनं १/७६ पण आहे. १/३५ मध्ये मॉडेल २७ सेंटिमीटर होतं, १/७२ मध्ये १३ च्या आसपास. लोक नवशिक्याला लहान स्केल सुचवतात कारण स्वस्त पडतं, मला ते पटत नाही. लहान स्केलमध्ये सुकाणूसारखे पार्ट नखाएवढे असतात, चिमट्यातून उडाले की फरशीवर शोधत बसायचं, आणि आत माणसं बसवायची तर तोंडं रंगवणं अवघड. बजेट असेल आणि कपाटात जागा असेल तर १/३५ घ्या. नसेल तर १/७२ घ्या आणि आतली माणसं सोडून द्या, ताडपत्री टाकलेली दाखवा, तेही छानच दिसतं.

विकत घेताना एक बघा, सुरुवातीच्या डकची पुढची काच उभी होती आणि नंतरच्यांची तिरपी. प्रॉव्हिन्सटाउनचा प्रसंगच करायचा हट्ट असेल तर काच उभी पाहिजे, किटमध्ये तिरपी असेल तर मग सरळ नंतरचा कुठलातरी पूर दाखवा, हॉलंडचा चालतो. पहिल्याच मॉडेलला काच कापून नवीन बनवायच्या भानगडीत पडू नका.

सामान

निपर हवाच, म्हणजे स्प्रूवरून (पार्ट ज्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात तिच्यावरून) पार्ट कापायची सपाट तोंडाची कटर. नेलकटरने काम होतं पण कापलेल्या जागी प्लास्टिक पांढरं पडतं. एक हॉबी नाइफ, टोकदार चिमटा, हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, मास्किंग टेप, कपड्यांचे चिमटे, रबर बँड. गोंद दोन प्रकारचे घ्या. एक पातळ प्लास्टिक सिमेंट, टामियाचं एक्स्ट्रा थिन मी वापरतो, ते प्लास्टिक विरघळवून जोडतं त्यामुळे फक्त प्लास्टिकला चालतं. दुसरं फेविक्विक, धातूचे पार्ट असतील किंवा टायर रबरासारखे मऊ असतील तर तिथे. फट बुजवायला हॉबी पुट्टी महाग वाटली तर एम-सील घ्या, दोन्ही भाग नीट मळून, बोट पाण्यात बुडवून दाबायचं, सुकल्यावर पॉलिश पेपरने मस्त घासलं जातं. सिमेंट वापरताना खिडकी उघडी ठेवा, घासताना आणि स्प्रे मारताना मास्क लावा, याला काही शॉर्टकट नाही.

पार्ट स्प्रूवर असतानाच कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचं लिक्विड टाकून धुवून घ्या. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल त्यांच्यावर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. पंख्याखाली वाळू द्या, उन्हात नको, पातळ पार्ट वाकतात.

जोडणी

सूचनापत्रकात जो क्रम दिलाय तो जोडणीचा असतो, रंगाचा नाही, हे लक्षात ठेवून आधी पत्रक पूर्ण वाचा आणि पेन्सिलने खुणा करा की कुठे थांबून रंग द्यायचा. डकमध्ये असं थांबायचं मुख्य ठिकाण म्हणजे ड्रायव्हरची जागा आणि हौद्याचा तळ. वरचा डेक खालच्या होडीवर बसला की आत ब्रश जात नाही.

खालून सुरुवात करा. प्रत्येक पार्ट कापताना दोनदा कापा, आधी पार्टपासून जरा लांब, मग उरलेलं जवळून, मग ६०० च्या पेपरने साफ. गोंद लावायच्या आधी प्रत्येक वेळी कोरडं जुळवून बघायचं. पातळ सिमेंट वापरायची पद्धत अशी की दोन भाग हातात जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. भरपूर ओतलं तर बोटाखाली येऊन ठसा उमटतो.

अ‍ॅक्सल लावताना घाई करू नका. सहा चाकं आहेत, एक जरी वर राहिलं तरी मॉडेल लंगडं दिसतं. तीनही अ‍ॅक्सल लावून सिमेंट अजून ओलं असतानाच चाकं नुसती अडकवून पूर्ण खालचा भाग काचेच्या तुकड्यावर ठेवायचा, सहाच्या सहा टेकली का ते डोळा काचेच्या पातळीला नेऊन बघायचं, वरून हलकं वजन ठेवून रात्रभर सोडायचं. सकाळी चाकं काढून बाजूला ठेवा, ती वेगळी रंगवायची आहेत.

आता टायरबद्दल, कारण या गाडीची हुशारी तिथेच आहे. नंतरच्या डकमध्ये ड्रायव्हर आपल्या जागेवरून टायरमधली हवा कमीजास्त करू शकायचा, पक्क्या रस्त्यावर ४० पाउंड आणि मऊ वाळूत ११-१२ पर्यंत खाली, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. मॉडेल वाळूवर ठेवणार असाल तर टायर खालून थोडे बसलेले दिसले पाहिजेत. कडक प्लास्टिकचे असतील तर ४०० च्या पेपरवर खालचा भाग मिलिमीटरभर घासा, आणि बाजूला एम-सीलचा अगदी बारीक फुगवटा देऊन ओल्या बोटाने गुळगुळीत करा. सहाही सारखे घासायचे आणि सपाट बाजू खाली येईल असेच चिकटवायचे. एवढ्याशा कामाने मॉडेल एकदम वजनदार दिसायला लागतं.

पंखा आणि सुकाणू नाजूक असतात, ते खालचा रंग झाल्यावर लावा. पण जिथे चिकटणार तिथे रंग लागू देऊ नका, टेपचा बारीक तुकडा लावून ठेवा, कारण सिमेंट रंगावर पकडत नाही.

मग येतो सगळ्यात महत्त्वाचा सांधा, डेक आणि होडी. खऱ्या गाडीचं अंग पातळ पत्र्याचं आणि वेल्ड केलेलं होतं, तिथे फट असती तर गाडी बुडाली असती. म्हणून ट्रकच्या मॉडेलमध्ये एखादी फट दाराची म्हणून खपते ती इथे खपत नाही. कोरडं जुळवा, जिथे तोंड उघडतंय तिथे चिमटे आणि रबर बँड लावा, आणि एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर असं तुकड्या-तुकड्याने सिमेंट सोडत पूर्ण फेरी मारा. एक दिवस सुकू द्या. मग पुट्टी, मग ४००, ६००, १००० असा ओला वॉटर पेपर. बोट फिरवून बघा, डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला कळते. मात्र पत्र्यावरच्या उंचवट्याच्या पट्ट्या आणि वेल्डच्या रेघा घासून घालवू नका, त्यांच्यावर आधी टेप लावून मग बाजूला घासा.

इथे एक निर्णय घ्यायचा असतो, नाकावरची लाट अडवायची फळी दुमडलेली ठेवायची की उभी. लाटांतून येणारी गाडी दाखवणार असाल तर ती उभीच पाहिजे, नाहीतर जाणकार माणूस पहिला प्रश्न तोच विचारेल.

रंग

प्रायमर मारा, म्हणजे वरचा रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर. ग्रे प्रायमरचा पातळ थर, लांबून, दोनदा. प्रायमरवर राहिलेल्या फटी लगेच दिसतात, तिथे परत पुट्टी लावायला लाज वाटू देऊ नका. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला प्रायमर स्प्रे स्वस्त असतो पण काही डबे प्लास्टिक खातात, म्हणून आधी रिकाम्या स्प्रूवर मारून एक दिवस बघा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात स्प्रे मारणाऱ्यांनी फार जपायचं, हवेत दमटपणा असला की रंगावर पांढुरकी साय आल्यासारखं होतं. सलग पाऊस लागला असेल तर ब्रशची कामं करा आणि स्प्रे उघडिपीच्या दिवसासाठी ठेवा.

मुख्य रंग ऑलिव्ह ड्रॅब. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन, नसेल तर काही अडत नाही. दोन रस्ते आहेत, टामियाचा टीएस-५ स्प्रेचा डबा, किंवा ब्रशने वालेहोचा पाण्यात मिसळणारा रंग. टामियाचे बाटलीतले अ‍ॅक्रिलिक, म्हणजे एक्सएफ-६२ वगैरे, एअरब्रशला उत्तम आहेत पण ब्रशने दुसरा थर देताना पहिला उचलला जातो, म्हणून ब्रशवाल्यांनी वालेहोच घ्यावा. ब्रश रुंद आणि मऊ, रंग पातळ, दुधाएवढा, पहिल्या थराला ठिपके-पट्टे दिसणारच, घाबरायचं नाही, पूर्ण सुकल्यावर आडवा दुसरा, मग उभा तिसरा. एकाच जागी ब्रश परत परत फिरवला की रंग फाटतो.

शुद्ध ऑलिव्ह ड्रॅब लहान मॉडेलवर फार काळपट दिसतो, म्हणून त्यात थोडा बफ, म्हणजे फिकट वाळूसारखा रंग, मिसळून उजळ करा, आणि वरून आकाशाकडे बघणाऱ्या जागा, म्हणजे पुढचा डेक आणि बाजूच्या पट्ट्या, अजून किंचित उजळ मिश्रणाने द्या. होडीचं पोट मूळ गडद रंगातच राहू द्या. हौदा आणि आतली बाजू पण ऑलिव्हच. सीटच्या गाद्या आणि ताडपत्री खाकीकडे झुकणारी, म्हणजे पत्रा आणि कापड वेगळं कळतं. टायरला काळा रंग देऊ नका, गडद राखाडी द्या.

सुकल्यावर पूर्ण मॉडेलला ग्लॉस, म्हणजे चकचकीत, वार्निश. नवीन लोक ही पायरी गाळतात आणि मग डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांच्या, भोवती चंदेरी कड दिसते. डिकल खरबरीत मॅट रंगावर बसत नाही, खाली हवा अडकते. पांढरा तारा आणि नंबर कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर काढून मिनिटभर थांबा, कागदावर सरकायला लागला की जागेवर सरकवा, ओल्या ब्रशने मध्यापासून बाहेर पाणी काढा. उंचवट्यावर बसत नसेल तर डिकल सॉफ्टनर लावा, आधी सुरकुत्या पडतील, हात लावू नका, सुकताना आपोआप ताणून बसतो.

पाण्यातून आलेली गाडी दाखवायची कशी

माझ्या मते मॉडेलचा जीव इथे आहे आणि बहुतेक जण इथेच रणगाड्याची सवय डकवर लावतात, सगळीकडे गंज आणि चिखल. तसं करू नका. पातळ पत्रा आणि खारं पाणी, म्हणजे या गाड्यांना रंग आणि ग्रीस सतत लागायचं, सांभाळली नाही तर गाडी कामातूनच जाणार. त्यामुळे गंज थोडा आणि योग्य जागी: विंचपाशी, बिजागऱ्यांपाशी, साखळ्या-हूकांपाशी, आणि जिथे दोरी घासते त्या कडेला.

आधी वॉश, म्हणजे खाचा उठून दिसाव्यात म्हणून सोडायचा एकदम पातळ रंग. कॅमलचा बर्न्ट अंबर ऑइल कलर, जरासा, टर्पेंटाइनमध्ये चहापेक्षा पातळ करून कोपऱ्यांत, वेल्डच्या रेघांत, बोल्टच्या भोवती टोकदार ब्रशने सोडा. वीस मिनिटांनी टर्पेंटाइन लावून जवळजवळ कोरड्या केलेल्या ब्रशने जास्तीचं पुसा, आणि बाजूच्या पत्र्यावर पुसताना ब्रश नेहमी वरून खाली, कारण पाणी तसंच ओघळतं. खाली अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर वार्निश असल्याने टर्पेंटाइन रंगाला धक्का लावत नाही.

मग पाण्याची रेघ. तरंगताना गाडी जिथपर्यंत बुडते त्या उंचीवर, पूर्ण होडीभोवती, बफमध्ये थोडा पांढरा मिसळून एकदम पातळ, तुटक, आडवी रेघ द्या आणि ओल्या ब्रशने खालच्या बाजूला विरवा. ती पट्टीने आखल्यासारखी सरळ नको, दोन-तीन वेगवेगळ्या उंचीवर पुसट असू द्या, कारण रिकामी गाडी वर तरंगते आणि भरलेली खाली. डकमध्ये जोरदार बिल्ज पंप, म्हणजे तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारे पंप, होते, पोटाला दोन इंचांपर्यंतचं भोक पडलं तरी गाडी तरंगत राहायची, तर पंपाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या तोंडाखाली एक स्वच्छ ओला ओघळ दाखवा. बघणाऱ्याला कळतं की आत्ता पंप चालू होता.

वाळू कुठे बसते हाही विचार करा. चाकांच्या खोबणीत, चाकांमागच्या कमानीत, अ‍ॅक्सलवर, पंख्याच्या बोगद्यात. पुढच्या डेकवर वाळू नसते, तिथे लाटेचं पाणी धुऊन जातं. हौद्याच्या तळात मात्र असणारच, कारण माणसं किनाऱ्यावरून चढतात आणि पायाला लागून येते.

वॉश आणि वाळूचे रंग झाले की पूर्ण गाडीला मॅट वार्निश, आणि ते सुकल्यावर पाण्याच्या रेघेच्या खालचा भाग परत सॅटिन (अर्धवट चमकीच्या) किंवा ग्लॉस वार्निशने ओला करा. वर कोरडं, खाली ओलं, एवढ्या फरकाने गाडी आत्ता समुद्रातून आली असं दिसतं. ओली दाखवायची नसेल तर सगळीच मॅट ठेवा आणि पाण्याची रेघ थोडी ठळक करा.

बचावाचं सामान आणि माणसं

रिकामा डक म्हणजे नुसता ट्रक. बचाव दिसतो तो हौद्यातल्या सामानातून. दोरी करायची तर गोधडी शिवायचा जाड दोरा घ्या, अर्ध्या मिलिमीटरचा दोरा १/३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटर जाडीची दोरी होतो, अगदी बरोबर मापात. पातळ फेविकॉलमधून ओढून घ्या म्हणजे लव बसते, ओला असतानाच वेटोळं करा, एक टोक बाजूवरून खाली लोंबू द्या. ब्लँकेट करायला टिश्यू पेपरचा एकच पदर फेविकॉलच्या पाण्यात बुडवून माणसाच्या खांद्यावर टाका, टूथपिकने घड्या पाडा, सुकल्यावर राखाडी रंग.

माणसं सैनिकांच्या सेटमधली चालतात, बंदुका आणि पट्टे कापून टाका. बसलेली, वाकलेली, हात अंगाशी घेतलेली निवडा. भिजलेल्या कपड्याचा रंग नेहमीपेक्षा एक छटा गडद आणि सॅटिन. सगळ्यांना एकाच दिशेला बघायला लावू नका, थकलेली माणसं खाली बघतात, एखादा मागे समुद्राकडे. सातच्या सात करायची गरज नाही, तीन-चार नीट रंगवलेले पुरतात, बाकी ताडपत्रीखाली आहेत असं दाखवता येतं.

बेससाठी थर्माकोलचा तुकडा प्लायवर, त्यावर पातळ एम-सील किंवा पीओपी. समुद्रावरची वाळू थेट वापरू नका, अर्ध्या मिलिमीटरचा कण या स्केलमध्ये दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा म्हणजे मीठ जाईल, नाहीतर ते ओल ओढत राहतं, मग वाळवून मैद्याच्या चाळणीतून किंवा जुन्या ओढणीतून गाळा, जे पीठ पडेल तेच घ्या. फेविकॉलच्या पाण्याने बसवा. एम-सील किंवा पीओपी मऊ असतानाच चाकांचे ठसे दाबून घ्या, पाण्याकडून वर येणारे, आणि पाण्याजवळची वाळू गडद करून ग्लॉस द्या. फेसासाठी कापसाचे अगदी विरळ तंतू ग्लॉस जेलमध्ये.

पुढची काच सगळ्यात शेवटी, आणि ती फेविक्विकने अजिबात नाही, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक कायमचं धुरकट होतं. फेविकॉलचा बारीक थेंब पुरतो, सुकला की दिसतही नाही. काच बसवायच्या आधी तिच्यावर वायपर फिरतो तेवढा भाग टेपने झाकून बाकीवर मॅट वार्निशचा अगदी हलका फवारा मारलात तर टेप काढल्यावर ड्रायव्हरने कुठून बाहेर बघितलं ते दिसतं.